शेवळांतलं काकड

आमच्या घरात 'काकड घालणं' असा एक वाक्प्रचार आहे. बाहेरच्या माणसाला तो कळत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

पावसाच्या तोंडावर जंगलात शेवळं उगवतात. पान यायच्या आधी जमिनीतून नुसता कोंब वर येतो, बोटापेक्षा जरा जाड, जांभळट तपकिरी. झरीकडच्या बायका त्याच्या जुड्या बांधून तलासरीच्या बाजारात बसतात, काही जणी आमच्या झाईपर्यंत येतात. शेवळांची भाजी सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, घालून केली तर मटण खाणारा माणूससुद्धा मटणाचं नाव काढत नाही. पण ती करता आली पाहिजे. नीट केली नाही तर घसा असा धरतो की विचारू नका. जीभ खाजते, टाळू खाजतो, माणूस डोळ्यांत पाणी आणून ताक शोधत फिरतो. त्याच्यावर उतारा म्हणजे काकड. लहान आवळ्याएवढं हिरवं फळ, आंबट आणि तुरट. ते उकडून, कुस्करून त्याचा रस भाजीत घालायचा, मग खाज मरते. शेवळं विकणारी बाई काकडं बरोबर देतेच, न देणारी मी तरी अजून पाहिली नाही.

तर आमच्या घरात सकाळी कोणी कोणावर ओरडलं आणि संध्याकाळी गपचूप काहीतरी खायला घेऊन आलं, की बाकीचे म्हणतात, "आणलं बघा काकड." आमच्या ह्यांनी आजवर जेवढी फाफडा-जिलबी घरी आणलीय, ती सगळी काकड म्हणूनच आणलीय. हा शब्द घरात आणला माझ्या जाऊबाईंनी. मी त्यांना वहिनी म्हणते. मी लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा त्यांचं घरावर राज्य होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. माहेर उंबरगावकडचं, त्यामुळे भाजीला त्या अजून शाकच म्हणतात. बोलणं ठसक्याचं, हात मोकळा. मी शाळेत विज्ञान शिकवायला जायचे आणि माझी पोरं त्यांच्या कडेवर वाढली. मोठे भावोजी गेल्यावर त्या खचल्या नाहीत. चिकूची वाडी, माणसं, गुरं, सगळं त्यांनीच पाहिलं.

शेवळांच्या बाबतीत आमच्याकडे एक रीत होती. भाजी कोणीही करो, चाखायची वहिनीनेच. भाजी उतरवली की ती बोटभर भाजी जिभेवर घ्यायची आणि मागच्या दाराने बाहेर जायची. तुळशीला पाणी घालायची, गोठ्यात डोकावायची. खाज लगेच कळत नाही ना, थांबावं लागतं. मग आत येऊन म्हणायची, "वाढा." हा 'वाढा' येईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही. माझे सासरे तोंडाने तापट, पण तेसुद्धा हात ताटावर धरून बसून राहायचे. नवीन असताना एकदा मीच भुकेने कळवळून म्हणाले होते, "वहिनी, चाखलीत ना? मग आता कशाची वाट बघताय?" तर म्हणाली, "तुझ्या घशाची." आणि इतक्या वर्षांत आमच्या घरात कधी कोणाचा घसा धरला नाही. शेजारीपाजारी भाजी झाली की वाटी घेऊन तिच्याकडे चाखायला यायचे.

दुसरी तिची सवय म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि मागच्या दारी दगडावर बसून दात घासत बसायचं. सकाळी, मग दुपारी भांडी झाल्यावर, मग दिवेलागणीच्या आधी. त्या वेळी तिच्याशी बोलायला जायचं नाही. तोंडात मशेरी असली की ती फक्त भुवयांनी बोलते. मी विज्ञानाची बाई, मला ते बघवायचं नाही. पहिल्या काही वर्षांत मी तिच्यापाशी खूप तोंड वाजवलं. तेव्हा ती चूळ भरायची, परसातल्या ओल्या हळदीचा एक तुकडा चघळायची, वर आवळा नाहीतर चार तुळशीची पानं. आणि म्हणायची, "शेवळं खातेस ना तू? ती पण बाधतात. म्हणून कोणी सोडली का? काकड घातलं की झालं. मी घालते माझं काकड."

झालं! आणि ती खायचीही तशीच. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कोरल, कंटोली, थंडीत वालाच्या शेंगा, मुळा पाल्यासकट, लसणीची पात. बाराही महिने हळद. आमच्या घरात पाव क्वचितच यायचा, आणि वेफर्सचं पाकीट दिसलं तर ती ते गुरांच्या टोपलीत टाकायची. गुरंही खायची नाहीत, हे ती सगळ्यांना बोलावून दाखवायची. साठी उलटल्यावरही तिचं अंग काटक, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. "माझ्या अंगात पाला आहे," म्हणायची, "मला काय होतंय?"

गेल्या वर्षी जूनमध्ये शेवळं आली. सोडे चिंचणीचे होते, आमच्या ह्यांनी मुद्दाम आणलेले. भाजी वहिनीनेच केली. चाखली, मागे जाऊन आली आणि म्हणाली, "वाढा." मी वाढली. पहिल्या दोन घासांना काही वाटलं नाही. मग आमचे हे खाकरले. मग माझ्या जिभेच्या कडेला कोणीतरी बारीक सुया टोचाव्यात तसं व्हायला लागलं. हे उठले आणि ताकाचं भांडंच तोंडाला लावलं. मी गुळाचा खडा तोंडात टाकला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. एकीकडे खाज आणि दुसरीकडे हसू. "वहिनी, अहो मारायला निघालात की काय आम्हाला!" मी ओरडले.

ती हसली नाही. डाव हातात धरून ताटांकडे बघत उभी राहिली. मग पुन्हा बोटभर भाजी घेऊन जिभेवर ठेवली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना.

जेवणं तशीच आटोपली. मी मागच्या दारी गेले, तर ती दगडावर बसलेली. मशेरीची डबी शेजारी होती, पण बंद. मी म्हटलं, "होतं एखाद वेळी. काकडं कोवळी असतील."

"काकडं चांगली होती," ती म्हणाली. "मीच कमी घातली. मला कळलंच नाही गो."

"चाखलीत ना?"

"चाखली. पण हल्ली मला सगळंच खाजतं. वरण झोंबतं. चहा झोंबतो. मग शेवळाची खाज कुठली आणि माझी कुठली, कसं ओळखू?"

माझं हसू तिथेच थिजलं. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि म्हटलं, तोंड उघडा. नाही नाही म्हणत उघडलं, तेही पूर्ण उघडेना. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती मशेरी धरायची तिथून गालापर्यंत एक पांढरा चट्टा होता. मध्ये एका जागी लाल आणि जाडसर. मी बोट लावलं तर तिने माझा हात झटकला.

"किती दिवस आहे हे?"

"आहे."

"अहो पण किती दिवस?"

"मागच्या थंडीत पण होतं," ती म्हणाली आणि डबी कमरेला खोचून उठली.

मी तिला म्हटलं, उद्याच्या उद्या डहाणूला दातांच्या डॉक्टरकडे जाऊ. ती नाही म्हणाली. का, तर डॉक्टर तुकडा काढणार, तपासायला पाठवणार, आणि तुकडा काढला की रोग पसरतो. तिच्या मावशीचा असाच तुकडा काढला होता. पुढचा गणपती मावशीने पाहिला नाही. मी समजावलं, रागावले, आमच्या ह्यांना मध्ये घातलं. वापीला कारखान्यात नोकरीला असलेल्या तिच्या मुलाला बोलावलं, तो बिचारा रडकुंडीला आला. ती ढिम्म. आणि मग तिने जे सुरू केलं ते बघून मी कपाळावर हात मारला. मशेरी सोडली नाही, काकड वाढवलं. सकाळी हळदीचा रस वाटीभर. दुपारी गुळवेलीचा काढा. शेजारणीच्या मोबाइलवर कुठलासा मेसेज आला होता, तो वाचून सीताफळाची पानं वाटून प्यायली आणि दिवसभर उलट्या काढल्या. टाकळा तर रोजच. एवढा हिरवा पाला शिजताना बघून मला त्या रंगाचीच शिसारी यायला लागली.

मी मुळात तापट आहे, शाळेतली पोरं मला मागून काय म्हणायची ते मला माहीत आहे. एक दिवस ती मशेरी भाजत होती आणि शेजारी हळद वाटून ठेवलेली होती. ते दोन्ही एकाच पाटावर बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "कोणाला फसवतेस? मरशील तू! तुझ्या या काकडाने मरशील!"

तोपर्यंत मी तिला कधी तू म्हटलं नव्हतं. ती तवा खाली उतरवून आत गेली. त्यानंतर आमचं बोलणं बंद. स्वयंपाकघर एकच, चूल एकच, आणि निरोप आमच्या ह्यांच्या मार्फत. "तिला सांग, मीठ संपलंय." "तिला सांगा, मला दिसतंय." पण तू म्हणायचं ते तोंडाला लागलं ते लागलंच. आता तेच राहिलंय.

ऑगस्टमध्ये तालुक्याच्या ठिकाणी रानभाज्यांचा महोत्सव असतो. आमच्या बायकांच्या बचत गटाचा तिथे स्टॉल असतो, आणि मी निवृत्त झाल्यापासून भाषण करायला मलाच उभं करतात. वहिनी येणार नाही असं वाटलं होतं. पण तिच्या अळूवड्यांशिवाय स्टॉल चालत नाही, हे तिलाही माहीत. टेम्पोत पुढे ती बसली, मागे मी भांड्यांबरोबर.

भाषणात मी नेहमीचंच बोलले. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते आपल्या बचावासाठी अंगातच नाना रसायनं बनवतं, आपल्यासाठी नाही. कच्च्या चिकूने तोंडाला राप बसतो, तो चिकूचा बंदोबस्त आहे, बी तयार व्हायच्या आधी कोणी खाऊ नये म्हणून. हळदीचा पिवळा रंग, जांभळाचा जांभळा, मुळ्याचा उग्र वास, लसणीचा झणका, सगळी त्यातलीच. यांतली काही रसायनं प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींना आवरताना दिसतात, हे खरं आहे. पण आपलं पोट म्हणजे काचेची बशी नव्हे. हळदीतलं पुष्कळसं तर अंगात शिरतच नाही, आलं तसं निघून जातं. भाज्या, फळं, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य रोज खाणाऱ्या माणसांना काही प्रकारच्या कॅन्सरचा धोका कमी असतो, एवढं आपण म्हणू शकतो. त्यातलं कुठल्या भाजीचं श्रेय किती, ते कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो काहीतरी विकायला आलाय असं समजा. नारिंगी भाज्यांतलं द्रव्य वेगळं काढून, गोळीत भरून विड्या-सिगरेटी ओढणाऱ्यांना देऊन बघितलं, तर फायदा राहिला बाजूला, त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेलाच दिसला.

एका बाईने हात वर केला. "बाई, ते ठीक आहे. पण मग कुठलं शाक खाल्लं की कॅन्सर होतच नाही, ते सांगा ना!"

दर वर्षी हा प्रश्न येतो. दर वर्षी मी म्हणते, असं कुठलंच नाही. पण या वर्षी समोर तिसऱ्या रांगेत वहिनी बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "आधी तुम्ही मला सांगा. शेवळं नुसतीच शिजवून खाल्ली आणि घसा धरला. मग वरून टोपलीभर काकडं खाल्ली. काय होईल?"

सगळा मंडप हसला. शेवळं म्हटल्यावर आमच्याकडच्या बाईला कोण शिकवणार? "काय होणार," पुढची एक म्हातारी म्हणाली, "घसा पण गेला, दात पण आंबले!" दुसरी म्हणाली, "काकड भांड्यात घालतात बाई, रडल्यावर नाही."

"बरं," मी म्हटलं. "आणि विंचू चावला तर काकडाचा उपयोग आहे?"

"विंचवाला काकड काय करणार? ते शेवळांना लागतं!"

"मग तंबाखूला कुठलं काकड लागतं?"

आता हसणं थांबलं. त्या मंडपात मशेरी न लावणाऱ्या बायका शोधाव्या लागल्या असत्या. मी म्हटलं, "तंबाखूही झाडाचंच पान आहे. त्याच्यातही रसायनंच आहेत, आणि ती मारणारी आहेत. त्याला काकड नाही. हळद नाही, आवळा नाही, टाकळा नाही. असतं तर मी स्वतः दारोदार वाटलं असतं." हे बोलताना माझा आवाज चिरकला, आणि लोकांना वाटलं माइक बिघडला. कोणीतरी येऊन तो ठोकून बघितला.

येताना टेम्पोत वहिनी मागे माझ्याशेजारी येऊन बसली. रिकामी भांडी खडखडत होती. ती बाहेर बघत होती. वाटलं, चारचौघांत अपमान केला म्हणून आता कायमची बोलणार नाही. बोर्डी मागे पडल्यावर म्हणाली, "मावशीचा गाल बाहेरून सुजला होता."

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"तुकडा काढला तेव्हा. आधीच सुजला होता. तिला घास गिळता येत नव्हता, तेव्हा नेली तिला. तुकड्याने नाही गेली ती. उशीर झालेला."

"हो," मी म्हटलं.

"माझा गाल सुजला नाही अजून."

"नाही सुजला."

"उद्या नेशील?" ती म्हणाली. मी मान हलवली, आणि तिने माझ्या मांडीवर ठेवलेलं पातेलं आपल्याकडे ओढून घेतलं, उगाचच.

डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं, तुकडा काढला. रिपोर्ट यायचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. वहिनीने मशेरीचा तवा कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवून दिला आणि डबी विहिरीत टाकली. विहिरीत टाकली म्हणून मी ओरडले, तर म्हणाली, "मग काढायला उतर." रिपोर्टमध्ये कॅन्सर होता. सुरुवातीचा. डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, सुरुवातीचा आहे, लवकर आलात. वहिनी त्यांच्या टेबलाच्या काचेकडे बघत होती. तिने फक्त एकच विचारलं.

"मी जन्मभर पाला खाल्ला. मग मला कसा झाला?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, खाल्लात म्हणून कदाचित उशिरा झाला असेल. कदाचित नसेलही. ते मला सांगता येणार नाही. तंबाखूने झालाय, एवढं मात्र सांगते."

"म्हणजे खाल्लेलं फुकट गेलं," वहिनी म्हणाली.

ऑपरेशन गुजरातेतल्या मोठ्या हॉस्पिटलात झालं, आम्हाला तेच जवळ पडतं. गालाच्या आतला भाग, हिरडीचा तुकडा आणि खालचे काही दात काढले, मांडीची कातडी आत लावली. जीभ वाचली. नाकातल्या नळीने खायला घालायचं. नळी निघाली, घरी आलो, जखम भरत आली, फेरतपासण्या चांगल्या आल्या. मला वाटलं आता सुटलो. तर हिने नवीनच काढलं. हिरवं काही खाईना. पेज, दूध, दुधात बुडवलेलं बिस्किट. ज्या बाईने वेफर्स गुरांपुढे टाकले, ती बिस्किटं खायची! माठाची भाजी अगदी मऊ गरगट करून दिली, ताट सारलं. भोपळ्याचं सार दिलं, वाटी उपडी केली.

"नको मला तुमचा पाला," म्हणाली. बोलणं अजून जड होतं, एका बाजूने ओठ ओढलेला. "खाल्ला ना जन्मभर? काय दिलं त्याने? तू पोरांना खोटं शिकवलंस."

मला राग यायला हवा होता, पण रडूच आलं. खरंच वाईट वाटलं. रोगापेक्षा तिला ते लागलं होतं. जिच्यावर भरवसा ठेवला, त्या हळदीने, त्या टाकळ्याने तिला दगा दिला असं तिला वाटत होतं. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "वाडीला आपण कुंपण घालतो ना? आणि मग आपणच फाटक उघडून गुरं आत सोडली तर कुंपणाला शिव्या द्यायच्या का? भाजी आपलं काम करत होती. जखम भरतेय ती कशावर भरतेय? डॉक्टरही सांगतात, खायला घाला."

तिने तोंड भिंतीकडे केलं.

थंडीत वाडीत चिकू उतरत होते. एक दिवस मी ओसरीवर पिकलेले निवडत होते. मागे वळून बघते तर ही एक चिकू हातात घेऊन, नखाने साल काढून, चांगल्या बाजूने हळूहळू खात बसलेली. मी चिकू निवडतच राहिले. बोलले असते तर तिने तो टाकला असता. मग दोन दिवसांनी पपई. मग वरणात कोथिंबीर घातलेली चालली. पण पालेभाजी नाहीच, आणि हळदीचं नाव काढायचं नाही.

या जूनमध्ये झरीची बाई दारात आली, डोक्यावर टोपली, टोपलीत शेवळं. मी म्हणणारच होते की या वर्षी नको. गेल्या वर्षीचं ते ताट माझ्या डोळ्यांसमोरून गेलं नव्हतं. पण ओसरीवरून आवाज आला, "घे."

"वहिनी, राहू दे गं."

"घे म्हणते ना! आणि काकडं बघून घे."

भाजी मी केली. शेवळांचा खालचा पिवळा भाग काढला, बारीक चिरली, काकडं उकडली, रस गाळून घातला. वहिनी पाटावर बसून बघत होती, पण एका शब्दाने सांगितलं नाही, असं कर की तसं कर. भाजी उतरवली. आता चाखायचं कोणी? तिला विचारायचा मला धीर झाला नाही. मीच बोटभर घेतली, जिभेवर फिरवली, जरा थांबले. पोटात भूक, मागे ह्यांचं खाकरणं. काही खाजलं नाही. मी म्हटलं, "ठीक आहे," आणि डाव उचलला.

"थांब."

वहिनी उठली. पातेल्यातून बोटभर भाजी घेतली, जिभेवर ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. आमचे हे हात ताटावर धरून बसले, त्यांच्या वडिलांसारखे. मी खिडकीतून बघत होते. तिने तुळशीला पाणी घातलं. गोठ्याकडे गेली. मग एकदम थांबली आणि गळ्याशी हात नेला. देवा, आता काय दुखलं हिला? मी डाव टाकून दाराकडे धावले, तर ती समोरून येत होती, चेहरा वाकडा करून, डोळे मिचकावत.

"अगो, काकड कमी पडलंय!" ती ओरडली. "जीभ खाजतेय माझी!"

मी तिचे दोन्ही खांदे धरले. "कुठे खाजतंय?"

"जिभेवर, आणि इथे, घशात."

"आणि तिथे? गालात?"

तिने आतून जीभ फिरवून बघितली. "तिथे काही नाही. तिथे गप्प आहे."

"सकाळी वरण झोंबलं?"

"नाही गो. चहापण नाही." आणि हे बोलता बोलता तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिथेच दारात उभी राहून भोकाड पसरलं, आतून हे विचारत होते काय झालं, काय झालं.

"रडतेस काय?" वहिनी म्हणाली. तिचा अर्धा ओठ हसत होता. "काकड आण आधी."